पाटीखालची रेघ

"प्रलय आला तरी या सबस्टेशनची वीज जाणार नाही!" मोठ्या साहेबांनी ठणकावून सांगितलं आणि माइक बंद पडला. उरलेलं भाषण त्यांनी घसा ताणून उरकलं. ते वाक्य मात्र संगमरवरी पाटीवर कोरून बॅटरीच्या खोलीबाहेर भिंतीवर बसवलं होतं, त्यामुळे त्याला माइकची गरज नव्हती.

चार महिन्यांनी नदी ती पाटी वाचायला आली.

दुपारचे तीनच वाजले होते, पण ढगांनी संध्याकाळसारखं अंधारलं होतं. ड्युटीवरची ऑपरेटर ताई (वयाने सगळ्यांत लहान, तरी सगळ्यांची ताईच) जिन्यात उभी राहून खाली बघत होती. पाटीच्याच भिंतीवर एक लाल रेघ होती. पाणी रेघेला टेकलं की सबस्टेशन बंद करायचं, असा नियम. पाणी अजून हातभर खाली होतं.

साहेबांचा फोन येऊन गेला होता. "रेघेला लागलं का? नाही ना? मग चालू ठेवा. मी शब्द दिलाय."

ताईलाही चालूच ठेवायचं होतं, पण शब्दासाठी नाही. तिचे वडील, अण्णा, घरी ऑक्सिजनच्या मशीनवर होते. मशीन विजेवर, आणि वीज ताईच्या हातात. जोडीला एक सिलिंडर होता. फार तर चाळीस मिनिटांचा.

तिने लाइनमन मामांना टेकडीखालच्या खांबाकडे आधीच पाठवलं होतं. त्या खांबावरचं हँडल ओढलं की घराकडची लाइन दुसऱ्या सबस्टेशनवर जाते. पण आधी हे बंद करायचं, मग ते ओढायचं. उलटं केलं तर मामांचा फोटोच भिंतीवर.

फोन वाजला. अण्णाच. याच सबस्टेशनात तीस वर्षं काढलेला माणूस. फुप्फुसांनी राजीनामा दिला तरी चौकशी थांबली नव्हती.

"पाणी... कुठवर?"

"रेघेच्या हातभर खाली. तुम्ही बोलू नका, दम लागतोय."

"दम माझा आहे, मी बघतो. पाटीच्या मानाने सांग."

"पाटीच्या खालच्या काठाला टेकतंय."

मशीनच्या घरघरीवर अण्णांचा आवाज चढला.

"अगं, रेघ मी ओढली होती! आतल्या बॅटऱ्यांच्या बुडाशी. पाटी... नेमकी तिथेच बसवली गाढवांनी. मग रेघ कुठे गेली?"

ताईने पाटीच्या वरची लाल रेघ पुन्हा बघितली. पाटीला जागा हवी म्हणून रेघ वर सरकवली होती. रंगाऱ्याने काम मात्र सुबक केलं होतं. बॅटऱ्या बुडाल्या की त्यांच्या जोरावर वीज तोडणारे ब्रेकर हुकूम ऐकत नाहीत. मग पाणी चालू यंत्रांत शिरणार, स्फोट होणार आणि शहर सहा महिने अंधारात.

"बंद कर," अण्णा म्हणाले.

"आणि तुम्ही?"

"मी काय ट्रान्सफॉर्मर आहे? सिलिंडर आहे ना! कर म्हणतो तर!"

तिने मामांना फोन लावला. "पोचलात?"

"कमरेएवढं पाणी आहे गं. खांब दिसतोय, पण खांबाला मी दिसत नसणार. अर्धा तास लागेल."

"मी बंद करतेय, मामा. वीस मिनिटांत पोचा."

"वीस म्हणे! बरं, बघतो."

ताईने मुख्य बटण दाबलं. खाली ब्रेकर धाडकन उघडला. एकेक करत बाकीचे उघडले; शेवटचा जरा रेंगाळला, तेव्हा तिने देवाला नाही, बॅटरीला हात जोडले. तोही उघडला. पाठोपाठ बॅटरीच्या खोलीत पाण्याचा बुडबुड आवाज आला.

मग फक्त घड्याळ. वीस मिनिटं झाली. पंचवीस झाली. मामांचा फोन बंद. तिसाव्या मिनिटाला साहेबांचा आला, तिने कापला. सदतीस झाली. अण्णा फोन उचलेनात. एकदा, दोनदा, पाचदा.

एकोणचाळिसाव्या मिनिटाला, जिन्याच्या खिडकीतून दिसणाऱ्या टेकडीखालच्या घरांच्या ओळीत कुणाच्या तरी गॅलरीतला दिवा लागला. मग दुसरा. मग सगळे.

फोन वाजला. आधी घरघर, मग अण्णा.

"आली गं."

ताई जिन्यातच बसली.

"ऐकतेयस ना? एक काम होतं."

"बोला ना, अण्णा. काहीही सांगा."

"लाइट आल्याबरोबर वरच्यांनी टीव्ही लावलाय, ठणाणा. तेवढ्या मजल्याची घालवता येते का बघ."