तीन म्हणेपर्यंत

"वाकून चप्पल उचलता येते?" तपासणीस बाईंनी फॉर्मवरून नजर न काढता विचारलं.

"नाही येत. पायानेच ओढते जवळ."

यात तिळभरही खोटं नव्हतं. इस्पितळाच्या धुलाईखान्यात बावीस वर्षं ओल्या चादरींचे गठ्ठे उपसून तिची कंबर कामातून गेली होती. अपंगभत्त्याचा अर्ज दोनदा परत आला होता. या खेपेला निदान कुणी घरी तरी आलं होतं. भत्ता मिळाला तर सकाळी दोन तास एखादी बाई ठेवता येणार होती, नवऱ्याला उचलायला.

नवरा खिडकीशी खुर्चीत होता. गोदामात पोती मोजण्यात त्यांचा जन्म गेला. पक्षाघाताने सगळी भाषा पुसून नेली, आकडे तेवढे तोंडात राहिले. भांडायचं झालं तरी "एकोणीस" म्हणायचे, आणि तिला ते बरोबर झोंबायचं.

"यांचं कोण करतं?"

"मीच. दुसरं आहे कोण?"

बाईंचं पेन थांबलं. "उचलता यांना?"

ती उत्तराची जुळवाजुळव करत होती, तेवढ्यात ते खुर्चीतून घसरले. आधी एक खांदा, मग सगळेच फरशीवर.

रोज उचलताना ते एक-दोन-तीन मोजायचे आणि तीनला ती जोर लावायची. आज त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. तिच्याकडे पाहून मान हलवली. बाईंच्या देखत नको. त्यांना सगळं समजत होतं, म्हणूनच तिला भडभडून आलं.

"आम्हाला हात लावायची परवानगी नसते हो," बाई ओशाळून म्हणाल्या.

फरशी गार होती. तिने स्वतःच मोजलं आणि त्यांना उचललं. खुर्चीत बसवून सदरा नीट केला.

"आता चार दिवस मला पाठ टेकता येणार नाही. तेही लिहा, बाई."

"त्याला रकाना नाही," बाई म्हणाल्या, आणि जे पाहिलं तेच त्यांनी लिहिलं: नवऱ्याला एकटी उचलते.

दार लागलं आणि तिची कंबर धरली. खुर्चीच्या पायाशी ती बसली ती बसलीच. हाक मारावी असं कुणी नव्हतं. नवरा हाताच्या अंतरावर असून तिला फार एकटं वाटलं.

बऱ्याच वेळाने वरून आवाज आला. "एक."

तिने मान वर केली. त्यांनी आपला चालता हात पुढे केला होता.

"दोन," ते म्हणाले, आणि ती तयार होईपर्यंत थांबले.