एस्टोनियाला निघालेल्या बाहुल्या

एस्टोनिया नकाशात नेमका कुठे आहे, हे मला ऑर्डर आल्यावर कळलं. आता त्याच देशाने माझी झोप उडवली होती.

मी क्षिप्रा. इथे परदेशात, बेडोक भागातल्या आमच्या फ्लॅटमधून माझा कापडी बाहुल्यांचा उद्योग चालतो. कापड मी आणते, शिवते ती शहराच्या दुसऱ्या टोकाची, सेम्बावांगची नीता. आठ महिने खपून तिने तीनशे बाहुल्या शिवल्या, मानेला पट्टा लागला बिचारीच्या. रंगात शिसं नाही, डोळे ओढून निघत नाहीत, अशी सगळी प्रमाणपत्रं जोडून, खाली सही ठोकून मी माल पाठवला.

आणि तिथल्या आयातदाराची मेल आली. तपासणीत एक खोका उघडला, त्यातल्या बाहुल्यांवर लाल-पिवळे डाग आहेत. हा पदार्थ कोणता, कशासाठी वापरला, किती बाहुल्यांवर आहे, शुक्रवारपर्यंत लेखी कळवा. डाग असलेल्या बाहुल्या नष्ट होतील, बाकीच्या सुटतील.

माझं डोकंच चालेना. लाल-पिवळं आणलं कुठून? आमच्या सगळ्या बाहुल्या निळ्या आणि पांढऱ्या! कापडवाल्याला झापलं. मग नीताला फोन करून म्हटलं, "तू स्वस्तातला दोरा वापरलास, त्याचा रंग गेलाय." ती म्हणाली, "ताई, दोरा तुम्हीच दिलेला आहे," आणि तिने फोन ठेवला. मला आणखीनच राग आला. नवरा रुचिर बुओना व्हिस्टाच्या ऑफिसातून येऊन ती मेल चारदा वाचून म्हणाला, "कदाचित गंज असेल." कापडाला गंज! याला म्हणे इंजिनिअर करून ठेवलाय.

शेवटी जाईने, माझ्या लेकीने, फोन पुढे केला. माल निघाला त्या दिवशीचा व्हिडिओ. त्यात मी उघड्या खोक्यावर हळदकुंकू वाहतेय, हात जोडतेय, वर पुन्हा चिमूटभर टाकतेय.

"ममा, हे तर तूच केलंस ला." वाक्याच्या शेवटी इथलं 'ला' तिला लागतंच.

मला आठवतसुद्धा नव्हतं. शुभकार्याला हात आपोआप डबीकडे जातो, त्यात आठवायचं काय? कुंकवाची पुडी उलटसुलट करून बघितली, आत काय काय आहे ते कुठेच छापलेलं नाही. वीस वर्षं कपाळाला लावतेय मी ते. आणि 'कशासाठी वापरला' याला लिहू तरी काय?

पण जीव भांड्यात पडला. एकच खोका, तीस बाहुल्या. बाकीच्या सुटणार. आधी नीताची माफी मागायला हवी होती, लाज वाटत होती मला. फोन लावला.

"नीता, चुकले गं मी. डाग दोऱ्याचे नव्हतेच. मीच पहिल्या खोक्यात हळदकुंकू टाकलं होतं."

ती हसली. किती दिवसांनी हसली.

"एवढंच होय, ताई? मला वाटलं, माझ्या हातून काही बिघडलं. मी तर प्रत्येकीला लावलंय, झबल्याच्या आतून, एकेक बोट. परमुलखात निघालेल्या पोरी, तशाच कशा पाठवायच्या?"

ती आनंदात पुढे बोलत राहिली, पुढच्या ऑर्डरला लाल झबली करू या म्हणाली. मी खुर्चीत बसले. तीनशेच्या तीनशे नष्ट होणार, हे तिला आता मलाच सांगायचं होतं.