एकाच कोपऱ्याचा होकार

मी एक जुनी भट्टी आहे, मित्रांनो. आतून विटांची, तोंडाशी जड लोखंडी दार. ओझी उचलणाऱ्या यंत्रांचे पोलादी आकडे बनवणाऱ्या कारखान्यात, चाचणीच्या खोलीत मी उभी आहे. आकडे किती आचेवर भाजायचे, ते आधी माझ्या पोटात ठरतं. पूर्वी मला फार मान होता. "हिने हो म्हटलं की डोळे मिटून माल पाठवा," असं मुख्य कारागीर म्हणायचे. सगळे त्यांना मामा म्हणत. त्यांची सख्खी भाचीच चाचण्या बघायची.

पुढे माझ्या विटा झिजल्या, दार नीट बसेना. दाराशी धग कमी, पाठीशी जास्त. कोणी मनावर घेतलं नाही.

एकदा मालाची घाई होती. मामांनी नमुन्याचे सगळे आकडे दाराशीच मांडले, काढायला सोपे म्हणून. सगळे सारखेच कडक निघाले. मामा खूश झाले, पण भाचीच्या कपाळाला आठी पडली.

"मामा, हे सगळे एकाच धगीत भाजलेत. एक जे सांगेल तेच बाकीचे सांगणार. आणि कडकपणा वाढला की झटका सोसायची ताकद घटते. ती कुठे मोजलीत?"

"अगं, सगळे एकमुखाने बोलतायत. आणखी काय पाहिजे तुला?"

दाराशी होती तेवढीच कमी धग ठरवून मोठ्या भट्टीत सारा माल भाजला गेला आणि रवाना झाला. मला सगळं कळत होतं, पण भट्टीला वाचा कुठली!

काही आठवड्यांनी एका गोदामात आकडा काचेसारखा तुटला. खालचा हमाल पाणी प्यायला नुकताच बाजूला झाला होता, म्हणून वाचला.

ते कळल्यावर मामांनी खोलीची किल्ली भाचीच्या हातात ठेवली. नमुने थोडेच उरले होते. कुठला कुठे ठेवला तर थोडक्यांतून जास्तीत जास्त कळेल, याचा तिने दिवसभर विचार केला. मग मंद आचेवर, चढ्या आचेवर, दाराशी, पाठीशी, एकमेकांपासून लांब लांब ठेवून तिने ते भाजले. प्रत्येकाचा आधी कडकपणा मोजला, मग त्यालाच घणाचा झटका दिला, आणि दोन्ही उत्तरं जोडीने वाचली. मंद आचेवरचे, दाराशी भाजलेले, सगळ्यांत कडक निघाले, पण पहिल्याच घावाला फुटले.

मामांनी तुकडे स्वतः वेचले. "सगळा माल परत मागव," एवढंच म्हणाले.

मित्रांनो, माझ्यासारखीच्या विटा वेळेवर बदला. आणि एकाच कोपऱ्यातून कितीही होकार आले, तरी दुसऱ्या कोपऱ्याला विचारल्याशिवाय राहू नका. कारण काही आकडे परत आले, सगळे नाही. बाकीचे कुठेतरी ओझी पेलत लटकले आहेत, चकचकीत, कडक. आणि खाली माणसं ये-जा करताहेत.