पाचवा उद्गार

गुड फ्रायडेला आमच्या डोंगरातल्या चर्चमध्ये प्रभूने क्रुसावर मरताना काढलेले सात उद्गार सात उपदेशकांना वाटून देतात. यंदा पाचवा माझ्या नवऱ्याला, त्सेलिसोंना मिळाला. ‘मला तहान लागली आहे.’

“सगळ्यात छोटा मला,” ते म्हणाले. “लिनेओच्या आई, पाळकांच्या कानात तूच कुजबुजलीस ना?”

मीच. एके काळी हे तासभर गात उपदेश करायचे. श्वास कधी घेतात ते कळायचं नाही. त्या आवाजावर भाळूनच मी या घरात आले. मग बावीस वर्षं ते सीमेपलीकडच्या सोन्याच्या खाणीत खडक फोडत राहिले. तिथली बारीक धूळ छातीत साचून फुप्फुसं घट्ट झालीत, यावर औषध नाही, असं डॉक्टरांनी फोटो दाखवून सांगितलं. आता खाटेवरून दारापर्यंत यायला यांना दोनदा थांबावं लागतं.

त्या दिवशी त्यांनी खांद्यावरचं घोंगडं सावरलं आणि जुन्याच चालीत सुरुवात केली. “खाली पाण्याचा पाइप होता, भावांनो. खडक भिजवून फोडला तर धूळ उडत नाही. पण वरच्यांना घाई. आम्ही कोरडाच फोडला. तहान आधी खडकाला लागली...”

इथे दम तुटला.

उपदेशक थांबला की आमच्याकडे बायका गीत उचलतात, आणि मग त्याने बसायचं असतं. पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांना वाटलं, झालं यांचं. त्यांनी गीत उचललं, अगदी मायेनं, चारही कडवी. सवयीनं माझाही गळा त्यांच्यात मिसळला. हे टेबल धरून माझ्याकडे बघत होते, आणि मी डोळे मिटून गात होते. गीत संपलं तेव्हा सहाव्या उद्गाराचा उपदेशक उभा राहिला होता.

वाटेत मी म्हटलं, चुकलं माझं.

“सूर बरा लावलास,” ते म्हणाले. “पण माझं अर्धं आतच राहिलं.”

“मग मला सांगा.”

चढावर ते दहा पावलं चालत, थांबत, श्वास परतला की एक वाक्य म्हणत. प्रभूने मरतानाही पाणी मागितलं. आम्ही जिवंत असून का नाही मागितलं? आवाज उरला नव्हता, पण चाल तीच होती. मी घोंगड्याचं टोक धरून ऐकत होते.

घर दिसायला लागलं, आणि उपदेश अजून बराच बाकी होता. मी रस्त्याकडेच्या दगडावर बसले. पायांना काही झालं नव्हतं.

“दमले हो,” मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं, मग शेजारी बसले. आम्ही दोघंही पुढच्या श्वासाची वाट बघत राहिलो.