न झालेल्या भेटीची फी

ग्लेनिस होलरॉइडला आयुष्यात कुणी खोटारडी म्हटलं नव्हतं. जप्तीवाल्या कंपनीतल्या त्या पोरीनंही फोनवर तसं म्हटलं नाही. ती फक्त म्हणाली, "मॅडम, आमचा माणूस येऊन गेल्याची नोंद आहे."

"अगं बाई, त्या दिवशी आमच्या गल्लीत कमरेइतकं पाणी होतं!"

"नोंद आहे, मॅडम."

यॉर्कशरच्या डोंगरात, नदीकाठच्या एका गावात ग्लेनिसचं गादीकामाचं दुकान होतं. जुने कोच, खुर्च्या, बोटीतली बाकं, काहीही आणा. कापड फाडून, स्प्रिंगा बदलून, नवं शिवून द्यायची. तिच्या छोट्या दुकानाला दुकानपट्टी, म्हणजे नगरपालिकेचा दुकानावरचा कर, माफ होती. मग एका दारूगुत्त्यांच्या मालकानं सगळी बाकं नव्यानं करायचं काम दिलं, म्हणून तिनं शेजारचा गाळा भाड्यानं घेतला, मधली भिंत फोडली, त्या गाळ्याचं रस्त्यावरचं दार विटांनी बुजवलं. गुत्तेवाल्याचं दिवाळं निघालं, काम गेलं. गाळे दोन झाले म्हणून पहिल्याची माफीही गेली आणि दोन्हींची पट्टी थकली. नगरपालिकेनं वसुली त्या कंपनीकडे सोपवली.

थकबाकी आहे हे ग्लेनिसनं कधीच नाकारलं नाही. पूर ओसरल्यावर दुकानातला गाळ उपसता उपसता हप्ते बांधून द्या म्हणून तिनं स्वतःहून फोन केला होता. पहिल्या हप्त्याचे पैसे तिच्या धाकट्या बहिणीनं, एव्हरिलनं, दिले होते. पण उत्तर आलं, आता हप्ते नाहीत. जप्तीवाला येऊन गेला, दारं ठोठावून गेला, त्यामुळे प्रत्येक गाळ्यामागे दोनशे पस्तीस पाउंड फी चढली. आता सगळी रक्कम एकदम भरा.

आणि तो येऊन गेला कधी? तर अग्निशमनवाले रबरी होडीतून म्हाताऱ्याकोताऱ्यांना बाहेर काढत होते, त्या दिवशी दुपारी.

"होडीतून आला असेल," एव्हरिल म्हणाली. दोघी हसल्या. ते हसणं फार दिवस टिकलं नाही.

महिन्याभरात जप्तीवाला खरोखरच आला. कीरन ग्रीनवुड, तिशीतला, छातीवर छोटा कॅमेरा लावलेला. पैसे नव्हते. त्यानं दुकानभर नजर फिरवली आणि बोट ठेवलं ते शिवणयंत्रावर. चामडंसुद्धा लोण्यासारखं शिवणारं ते जड यंत्र पुराच्या वेळी ग्लेनिस आणि एव्हरिलनं जीव काढून जिन्यावर चढवलं होतं.

"हे माझं हत्यार आहे. याच्यावर मी पोट भरते. हत्यार नेता येत नाही, मला माहीत आहे."

"बाकीच्या कर्जाला नाही नेता येत," कीरन खाली बघत म्हणाला. "दुकानपट्टीला येतं. कायदाच तसा आहे, बाई. मी नाही केला."

त्यानं यंत्र नेलं. आणि कायद्याचं त्याचं म्हणणं खरं निघालं. गावातल्या मोफत कायदेशीर सल्ला केंद्रातल्या नसरीननं पुस्तक उघडून दाखवलं. ती पंचविशीतली, बोलायला फटकळ. म्हणाली, "यंत्र विसरा. ते त्यांनी कायद्यानं नेलंय. भांडायचंच तर फीवर भांडा."

"पण ती खोटी फी चढली नसती तर मी हप्ते भरले असते! यंत्र जायची वेळच आली नसती!"

"मला पटतंय हो. पण न्यायाधीश फीचं बोलेल, जर-तरचं बोलणार नाही."

यंत्र लिलावात मातीमोलानं गेलं. आलेल्या पैशांतून आधी लिलाववाल्याचा खर्च, मग फीचा लचका. पट्टीत जमा झालं ते जेमतेम. ग्लेनिसनं कंपनीकडे तक्रार केली. कंपनी म्हणाली, आमच्या माणसावर आमचा विश्वास आहे. नगरपालिकेत गेली. तिथल्या वसुली अधिकाऱ्यानं, मिस्टर थॅक्रेनं, चहा विचारला आणि म्हणाला, "फीचा विषय कंपनीचा."

"कंपनी कुणाची? तुम्हीच नेमलेली ना? आणि गावात यायचा पूल पुरामुळे तुम्हीच बंद केला होता ना त्या दिवशी? तुमचाच फलक होता!"

"पूल आमच्या खात्यात येत नाही, बाई."

शेवटी तिनं कोर्टात अर्ज केला. सुनावणीच्या आदल्या दुपारी कंपनीच्या वकिलाचा फोन आला. दोन्ही फी परत देतो. सदिच्छा म्हणून, चूक मान्य न करता. तुम्ही अर्ज मागे घ्या.

"घे गं," एव्हरिल म्हणाली. "पैसे मिळाल्याशी मतलब."

नसरीननंही आडपडदा ठेवला नाही. "नाही म्हणालात आणि उद्या हरलात, तर त्यांच्या वकिलाचा खर्चही तुमच्या गळ्यात पडू शकतो."

ग्लेनिसनं रात्रभर विचार केला नाही. तिथल्या तिथे नाही म्हणाली. "सदिच्छा कसली? माझा खिसा कापायचा, आणि पाकीट परत देताना मीच आभार मानायचे?"

सुनावणी एका लहानशा खोलीत झाली. न्यायाधीशबाई थकलेल्या दिसत होत्या, पण कागद वाचून आल्या होत्या. त्यांनी कंपनीच्या वकिलाला विचारलं, "अहवालात 'दोन्ही दारं ठोठावली' असं आहे. दुसरं दार कुठे आहे?"

वकील कागद चाळत राहिला.

"ते मी बुजवलंय," ग्लेनिस म्हणाली. "विटांनी. पुराच्या वर्षभर आधी."

मग वकिलानं पवित्रा बदलला. ती नोंद एका स्वतंत्र कंत्राटी माणसाची, तो आता आमच्याकडे नाही, कंपनीला खेद आहे. न्यायाधीशबाईंनी निकाल दिला: अशी भेट झालीच नाही, दोन्ही फी परत करा. यंत्राबद्दल ग्लेनिसनं तोंड उघडलं, तेव्हा त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तो प्रश्न आज माझ्यासमोर नाही."

बाहेर गाड्या लावायच्या जागेत कीरन ग्रीनवुड उभा होता. अंगावर कॅमेरा नव्हता.

"मला आत बोलावलंच नाही त्यांनी," तो म्हणाला. "ऑफिसातून यादी येते. आज इतक्या भेटी झाल्या पाहिजेत, म्हणजे पाहिजेतच. फी लागली तर आमचा हिस्सा, नाहीतर पेट्रोलही पदरचं. सगळेच घरी बसून नोंदी टाकतात. पकडला गेलो मी."

"मग हे आत येऊन का नाही सांगितलंस?"

"दुसऱ्या कंपनीत अर्ज केलाय. कुणी घेईल का मग मला?"

त्याला काय काय ऐकवायचं, हे ग्लेनिसनं इतके महिने मनात घोळवलं होतं. आता तो समोर होता, पडलेल्या खांद्यांचा, आणि तिला त्याचा रागही धड येईना. याचीच तिला जास्त चीड आली. ज्यांच्यावर राग काढायचा ते कुठल्याशा शहरात काचेच्या इमारतीत बसले होते, आणि तिच्या वाट्याला हा आला होता.

"दया मागायला आला असशील तर चुकीच्या दारी आलास," ती म्हणाली आणि गाडीत बसली.

फीचे पैसे आले. त्यात तसं यंत्र येणं शक्यच नव्हतं. उन्हाळ्याआधी तिनं दोन्ही गाळे सोडले आणि शेजारच्या खोऱ्यातल्या कोचांच्या कारखान्यात शिलाईला लागली. तिथे कोच पुरा करायचा नसतो. दिवसभर एकाच मापाच्या उशांची एकच शिवण मारायची.

त्याच सुमारास नगरपालिकेनं वसुलीचं कंत्राट पुन्हा त्याच कंपनीला दिलं. ग्लेनिस सभेला गेली. नागरिकांच्या प्रश्नांच्या वेळी उभी राहून तिनं कोर्टाचा निकाल वाचून दाखवला. अध्यक्षांनी तिचे आभार मानले, हा तुरळक प्रकार असल्याचं सांगितलं, आणि सभा कचऱ्याच्या डब्यांच्या विषयाकडे वळली.

बाहेर आल्यावर एव्हरिलनं तिचा हात धरला. "काही म्हण, तू जिंकलीस ना गं. कोर्टानं लिहून दिलंय."

"हो, जिंकले," ग्लेनिस म्हणाली. "चल लवकर, बस जाईल. सकाळी सातला हजेरी आहे मला."