शकुबाईच्या कार्डावर

माझी बायको धुरपता गेल्याची खबर आधी माझ्या घरी आली नाही. शकुबाईच्या घरी गेली.

ठेकेदाराच्या ऑफिसातला एक नवा माणूस कामाच्या कार्डावरचा पत्ता शोधत गावात आला. शकुबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती.

"शकुबाईच्या घरचं कोनी हाय का? बाई खाणीत वारली."

"शकुबाई मीच हाव," ती म्हणाली.

मग ती उठली. कंबर धरत माझ्या दारात आली. म्हणाली, "मुखरूभाऊ, मी जित्ती हाव." एवढंच. मला समजलं.

गडचांदूरकडच्या त्या चुनखडीच्या खाणीत सहा वर्षांपूर्वी शकुबाईची कंबर गेली. तिच्या जागी धुरपता लागली. मुकादम बिरजू तिला म्हणाला होता, "नवीन कार्ड बंद हाये. शकुबाईचंच घे अन् लाग कामाले. फोटो कोन पाह्यते?" सहा वर्षं ती त्या नावाला ओ देत होती. घरी येऊन हसायची. "मले धुरपता मनून हाका मारत जा जी, नाई त इसरून जाईन मी."

ती गेली त्या दिवशी तिला दगड वाहणाऱ्या चालत्या पट्ट्याखालचा चुरा ओढायला लावला. पट्टा बंद करा, असं ती दोनदा म्हणाली. सोबतच्या बायांनी ऐकलं. बिरजूनं पट्टा बंद केला नाही. तिचा पदर आत ओढला गेला.

तिसऱ्या दिवशी मी ऑफिसात गेलो. बिरजूनं हजेरीची वही माझ्यापुढे सरकवली.

"धुरपता नावाची बाई आमच्याकडं नाई. अन् शकुबाई त घरी बसून हाये, भाऊ. मंग मेलं कोन?"

"तुनंच लावलं होतं तिले कामाले."

"कागद दाखव. चहा घेतं का?"

मी हजेरी ओढली. दोघांनी मला धरून फाटकाबाहेर काढलं.

संध्याकाळी बिरजू शकुबाईकडे गेला. दुसऱ्याला कार्ड दिलं म्हणून तुझ्यावरच केस होईल, असं सांगून आला. मला वाटलं, आता ही बाई गप्प बसेल. सकाळी मी चंद्रपूरला तक्रार द्यायला निघालो, तर ती पिशवी घेऊन बसथांब्यावर माझ्याआधी उभी होती.

"भेव नाई लागत का तुले?" मी विचारलं.

"लागते ना. पन माह्या नावानं मेली ते. मी नाई सांगन त कोन सांगन?"

चंद्रपूरला कामगार अधिकाऱ्यासमोर तिनं सगळं सांगितलं. कार्ड कुणी दिलं, कुणी घेतलं, तेही. अधिकाऱ्यानं लिहून घेतलं. ठेकेदाराला तीनदा नोटीस गेली. तो एकदाही आला नाही. धुरपतासोबतच्या बाया आता माझ्याशी बोलत नाहीत. त्यांना उद्या कामावर जायचं असतं. त्यांच्यावर माझा राग नाही. बिरजूवर आहे, तो रोज वाढतो. बिरजू आजही त्याच पट्ट्यावर मुकादम आहे.

आठ महिने झाले. सहा वर्षांत धुरपताचं नाव त्या हजेरीत एक दिवसही लागलं नाही. ते लावून घ्यायचं राहिलं आहे.