खाकी कागद

औषधवाले काका तीस वर्षं एक नेम पाळत आले होते. काही औषधं ते खाकी कागदात गुंडाळूनच देत. गिऱ्हाइकाला सांगावं लागत नसे. कोण कसली गोळी घेतं हे त्यांच्या बायकोलासुद्धा कधी कळलं नाही, आणि तिने विचारायचंही कधी सोडलं नाही.

शाळेतल्या गणिताच्या बाईंची पुडी खाकीच असे. फिट येऊ नये म्हणून त्यांना गोळी चालू होती. नऊ वर्षांत एकदाही फिट आली नव्हती आणि शाळेत कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

त्या दिवशी बाई तणतणतच दुकानात शिरल्या.

"काका, मी माझ्या फोनवरून वर्गात मोठ्या पडद्यावर गणित दाखवत होते. मध्येच जाहिरात! 'फिट येते? आमचं घड्याळ वेळेत सावध करेल.' खाली माझ्या गोळीचं नाव. चाळीस पोरं बघत होती! आता मुख्याध्यापिका म्हणतात, तूर्त घरी बसा, मग बघू."

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुकानाची बिलं ज्या ॲपवर गिऱ्हाइकाच्या फोन नंबरसह होत, त्याच्या कंपनीला त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला. नवा कायदा झाला होता ना! गिऱ्हाइकाने हो म्हटल्याशिवाय त्याची माहिती जाहिरातवाल्यांना द्यायची नाही.

"बाईंची परवानगी आहे, सर," पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली. "अकरा तारीख, संध्याकाळी सहा वीस. तुमच्याच दुकानातून."

काकांना आता उलगडलं. कायदा आल्यापासून नव्या गिऱ्हाइकाच्या काय, जुन्याच्याही बिलाआधी ॲपवर पानभर मजकूर यायचा आणि खाली एक रिकामा चौकोन. दारापर्यंत रांग, आजारी माणसं ताटकळत उभी. त्यांना त्रास नको म्हणून काकाच सगळ्यांच्या नावाने खूण करत सुटले होते. एक ओळही न वाचता.

"अहो, ती खूण मी केली! त्यांनी नाही!"

"तसं लेखी द्या, सर. पण मग खोटी परवानगी दिली म्हणून कारवाई तुमच्यावर. परवानाही जाऊ शकतो."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. माहिती विकून गब्बर व्हायचं कंपनीने आणि कायद्याचा दंडुका औषधवाल्याच्या पाठीत! काकांनी फोन आपटला. कोरा कागद ओढला आणि लिहिलं, 'या बाईंनी परवानगी दिलेली नाही. खूण मी केली. कंपनीने एकदाही त्यांना विचारलं नाही.' खाली सही केली, दुकानाचा शिक्का मारला.

"हे तक्रार कार्यालयात द्या. शाळेतही दाखवा. माझं काय व्हायचं ते होऊ दे."

बाईंनी कागद वाचला. मग पुन्हा वाचला.

"तुम्ही केलीत?"

काकांनी महिन्याच्या गोळ्या काढल्या आणि सवयीने खाकी कागदाकडे हात नेला.

"राहू द्या," बाई म्हणाल्या. "आता कशाला?"

त्यांनी गोळ्यांची पाकिटं तशीच हातात घेतली आणि भर रस्त्यातून निघून गेल्या.